टक्कर, ओळ सतरा

प्रा. भुजंगराव पडोळ यांचा कुणावरही विश्वास नव्हता आणि ही गोष्ट ते कुणापासून लपवतही नसत. दूधवाल्याच्या देखत ते दुधात बोट बुडवून थेंब नखावर धरून बघत. रिक्षात बसले की रिक्षावाला भलतीकडे वळतो का यावर मान वाकडी करून लक्ष ठेवत. आणि तो नेहमीच्याच रस्त्याने गेला तर याला माझा नेहमीचा रस्ता कसा ठाऊक, म्हणून जास्तच लक्ष ठेवत. बायकोने न मागता दुसरा चहा दिला तर आज काय मागणार आहे ते आधी विचारून घेत आणि मगच कपाला हात लावत. अशा माणसाने जुन्या जालन्यातल्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवावा हे ठीकच होतं. कॉम्प्युटर म्हणजे सांगितलं तेवढंच करणारा प्राणी. त्याच्यावर संशय घ्यायला जागाच नाही, असं भुजंगरावांना दोन हजार तीन सालच्या जुलैपर्यंत वाटत होतं.

त्या जुलैत प्राचार्यांनी त्यांच्याकडे कॉलेजचं वेळापत्रक काढायचं काम दिलं. वेळापत्रक हाताने काढणारे जुने प्राध्यापक निवृत्त झाले होते, आणि जाताना आपली युक्ती बरोबर घेऊन गेले होते. भुजंगराव म्हणाले, "हातानं कशाला? प्रोग्रॅम लिहितो. बटन दाबलं की वेळापत्रक." प्राचार्य रामकिसन शिंगणे यांनी हे वाक्य लगेच सूचनाफलकावर लावलं. भुजंगरावांना तिथेच शंका यायला हवी होती.

अडचण कॉम्प्युटरांची होती. ते देणगीत आले होते आणि देणगीतल्या वस्तू जशा असतात तसेच होते. ज्या परदेशी भाषेत प्रोग्रॅम लिहायचा तिला लागणारी मेमरी सगळे कॉम्प्युटर एकावर एक रचले तरी भरली नसती. दुसऱ्या कुणीही नाद सोडला असता. भुजंगरावांनी काय करावं? त्या भाषेचे नियम सायबर कॅफेतून छापून आणले आणि तीच भाषा स्वतःच्या हाताने नव्याने बांधली. म्हणजे प्रोग्रॅम लिहायचा तो त्याच भाषेत, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. फक्त तो वाचून चालवणारं आतलं यंत्र मूळ परदेशी नव्हे, पडोळांचं. ते लहान होतं, जुन्या कॉम्प्युटरांत मावत होतं, आणि कॉलेजात सगळे त्याला 'पडोळी' म्हणत. भुजंगराव वरवर रागवायचे. आतून त्यांना फार बरं वाटायचं.

या कामात त्यांना साथ एकाच माणसाची, प्रा. वसंता हिवाळे यांची. पडोळ पिंपळगाव रेणुकाईचे, हिवाळे केदारखेड्याचे, दोघंही भोकरदन तालुक्यातले. हिवाळे गणित शिकवायचे, पण तासिका तत्त्वावर. म्हणजे उन्हाळ्यात नोकरी संपायची आणि जुलैत प्राचार्यांनी नवी ऑर्डर काढली की पुन्हा उगवायची. खिशातलं पाकीट टेबलावर तसंच टाकून ज्याच्यापुढून पाणी प्यायला उठावं असा भुजंगरावांच्या आयुष्यातला हा एकमेव माणूस. उषाबाईंना, म्हणजे सौ. पडोळांना, हा मान अजून मिळालेला नव्हता.

कामाची वाटणी झाली. भुजंगरावांनी दोन फाईली लिहिल्या, 'मुख्य' आणि 'वेळापत्रक'. एका मास्तरचे एकाच वेळी दोन वर्गांवर तास आले तर ती भानगड सोडवणारी तिसरी फाईल हिवाळ्यांकडे. तिचं नाव 'टक्कर'. अशा वेगळ्या फाईलीला पॅकेज म्हणायचं. एका फाईलीने दुसरी मागितली की ती शोधून आणून पुढ्यात ठेवणारा जो भाग असतो तो लोडर. पडोळीतला लोडर अर्थातच भुजंगरावांनी लिहिलेला. आजवर हिवाळे भुजंगरावांनी सुरू केलेल्या फाईलींमध्ये भर घालत आले होते. 'टक्कर' मात्र त्यांनी मेव्हण्याच्या सायबर कॅफेत बसून पहिल्या अक्षरापासून स्वतः लिहिली, आणि फ्लॉपीवर घेऊन आले.

फ्लॉपी आत गेली. भुजंगरावांनी बटन दाबलं. कॉम्प्युटरने घसा खाकरल्यासारखा आवाज केला आणि स्क्रीनवर इंग्रजीत चार ओळी उमटल्या. त्यांचा मराठी मतलब असा:

चूक: 'टक्कर' नावाचं पॅकेज नाही.
टक्कर, ओळ १७
वेळापत्रक, ओळ ९
मुख्य, ओळ ३

याला म्हणतात स्टॅक ट्रेस. काम कुठे अडलं, तिथे कुणी पाठवलं, आणि त्याला कुणी पाठवलं, याची यादी. खालून वर वाचली तर मुख्यने वेळापत्रकाला बोलावलं, वेळापत्रकाने टक्करला बोलावलं, आणि टक्करच्या सतराव्या ओळीत येऊन सगळं बसलं. भुजंगरावांनी पुन्हा बटन दाबलं. पुन्हा तेच.

"वसंता, हे बघ," ते म्हणाले. "टक्कर नावाचं पॅकेजच न्हाई म्हणून राह्यलं. आन् हे सांगतंय कोण? खुद्द टक्कर."

हिवाळे वाकून बघत राहिले. "फाईल तर हाये फ्लॉपीवर."

"तेच म्हणतो मी. माणूस स्वतःच्या दारात उभा ऱ्हाऊन म्हणतोय, इथं कोणी ऱ्हात न्हाई. असं माणूस कव्हा म्हणतो?"

"वसुलीवाला आला की."

"लपवायचं असलं की," भुजंगराव गंभीरपणे म्हणाले.

त्यांनी टक्करची सतरावी ओळ उघडली. ती ओळ यंत्रासाठी नव्हतीच. पुढे खूण करून माणसाने माणसासाठी लिहिलेली टीप होती. रोमन अक्षरांत लिहिलं होतं: 'इथून पुढे पडोळ सर नकोत.' भुजंगरावांनी ती दोनदा वाचली. तेवढ्यात लाईट गेली. लाईट जायची वेळच होती ती, पण भुजंगरावांना तीही आज जरा लवकरच गेल्यासारखी वाटली. हिवाळे म्हणाले, "उद्या बघू, काहीतरी बारीक असंल," आणि निघून गेले. ओळ तशीच राहिली आणि ती भुजंगरावांच्या डोक्यात घर करून बसली.

घरी आल्यावर त्यांनी जेवताना विषय काढला. "समज, तुझ्या बरोबरीनं काम करणाऱ्या बाईनं चिठ्ठीत लिहिलं की इथून पुढं उषाबाई नकोत. तर तू काय समजशील?"

"कुठून पुढं?" उषाबाईंनी विचारलं.

"ते महत्त्वाचं न्हाई."

"तेच महत्त्वाचं हाये. पोळ्या लाटून झाल्यावर नकोत म्हणली असंल तर मी तिची ओटी भरीन."

बायकोचं मत भुजंगरावांनी बाद केलं, कारण ते साधं होतं. मग त्यांनी घरमालकीण तुळजाबाईंना विचारलं. तुळजाबाई खालच्या मजल्यावर राहायच्या आणि नळाला पाणी यायच्या दिवशी साऱ्या गल्लीवर नजर ठेवून असायच्या. स्टॅक ट्रेस म्हणजे काय ते त्यांना समजावताना भुजंगरावांनी नळाचंच उदाहरण दिलं. वरच्या टाकीतून चौकात, चौकातून गल्लीत, गल्लीतून आपल्याकडे.

"मंग त्यात इचारायचं काय, मास्तर?" तुळजाबाई म्हणाल्या. "पाणी चौकापोत येऊन राह्यलं, गल्लीत येऊन राह्यलं, आन् आपल्याच तोटीला न्हाई. म्हंजे मधी कोन्तरी कॉक बंद केला. आन् कॉक त्योच बंद करतो ज्याला कॉक कुठाय ते ठावं असतंय. लांबचा मानूस करतच न्हाई."

भुजंगरावांना हे एकदम पटलं. लांबचा माणूस करतच नाही. आणि जवळचा तर एकच होता.

दुसऱ्या दिवशी हिवाळे धापा टाकत आले. त्यांनी तीच फ्लॉपी सायबर कॅफेत नेऊन मूळ परदेशी भाषेवर चालवून बघितली होती. "भुजंगा, तिथं बराबर चालती! एका दमात वेळापत्रक बाहेर. फाईलीत काईच दोष न्हाई."

कुणालाही वाटेल की इथे संशय फिटायला हवा. भुजंगरावांचा तो पक्का झाला. तिकडे चालते, इथे चालत नाही, म्हणजे फाईल मुद्दाम अशी घडवली आहे की ती फक्त पडोळीवरच अडावी. उद्या प्राचार्यांपुढे पडोळी तोंडघशी पडणार, आणि लोक म्हणणार, मूळ भाषेवर तर चालतं बुवा, पडोळांचंच कच्चं. साऱ्या कॉलेजात एवढी बारीक कारागिरी जमणारा माणूसही एकच होता. हुशार मित्र असण्याचा हा तोटा भुजंगरावांच्या आजवर लक्षात आला नव्हता.

"तुझ्या लोडरमधे बघू का एकदा?" हिवाळ्यांनी विचारलं.

"लोडरला हात लावायचा न्हाई," भुजंगराव म्हणाले. तो आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. हिवाळ्यांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं आणि फ्लॉपी टेबलावर ठेवून ते निघून गेले. पाणी प्यायला उठताना भुजंगरावांनी पाकीट खिशात घातलं.

आता खरं तर प्रकरण इथेच थांबायचं. पण प्राचार्यांनी वेळापत्रक मागितलं. भुजंगरावांनी 'एका पॅकेजमध्ये संशयास्पद मजकूर आढळला' असं तोंडी सांगितलं. प्राचार्य म्हणाले, "लेखी द्या." तोंडी सांगितलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता, आणि लेखी दिलेल्यावरही नसायचा; पण लेखी दिलेलं फाईलला लावता येत असे. भुजंगरावांनी लिहून दिलं. त्यात त्यांनी हिवाळ्यांचं नाव घेतलं नव्हतं, 'संबंधित' असा शब्द घातला होता. कार्यालयातल्या कारकुनाने 'संबंधित' वर काट मारून तिथे 'श्री. हिवाळे' घातलं, कारण कोण ते कळल्याशिवाय आवक नंबर पडत नाही. सोबत जोडलेली स्टॅक ट्रेसही त्याने परत केली. इंग्रजी पुरावा साक्षांकित मराठी भाषांतराशिवाय घेता येत नव्हता. भाषांतर भुजंगरावांनी केलं आणि ते खरं असल्याची सही इतिहासाचे प्रा. तातेराव गाढे यांनी ठोकली. तातेरावांनी कॉम्प्युटर तोवर फक्त लांबून बघितला होता, पण सहीला त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नव्हतं.

मग प्राचार्यांनी चौकशी समिती नेमली. आणि जाता जाता म्हणाले, "हिवाळ्यांची ऑर्डर टायपून पडलीय. सही थांबवली मी. समितीचा निष्कर्ष येऊ द्या. दोषी असले तर यंदा दुसरा माणूस बघू."

त्यांना फक्त आपली पडोळी निर्दोष ठरवायची होती. हिवाळ्यांच्या चुलीवर पाणी ओतायचं नव्हतं. पण अर्ज मागे घ्यायचा म्हणजे आपण उगाच संशय घेतला असं लिहून देणं आलं, आणि सतरावी ओळ तर डोळ्यांपुढे होती. ते कार्यालयाच्या दारापर्यंत गेले आणि कारकुनाने वर बघितलं तेव्हा किती वाजले ते विचारून परत आले.

घरी उषाबाई म्हणाल्या, "वसंताभाऊंच्या घरच्या मालनवहिनी भेटल्या बाजारात. वसंताभाऊंचं ऑर्डरचं कायतरी अडकलंय म्हणे. तुम्हाला म्हाईत असंल ना?"

"कार्यालयीन बाब हाये," भुजंगराव म्हणाले.

त्यानंतर उषाबाईंनी न मागता दुसरा चहा देणं बंद केलं.

समिती कॉम्प्युटरच्या खोलीत बसली. अध्यक्ष तातेराव. सदस्य मराठीच्या टेकाळे मॅडम, आणि क्रीडा संचालक, जे प्रत्येक समितीवर असायचे, कारण त्यांना तास नसायचे. एका बाजूला भुजंगराव, दुसऱ्या बाजूला हिवाळे. हिवाळ्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि ते भुजंगरावांकडे बघत नव्हते.

पहिला वाद पुराव्यावरच झाला. तातेरावांचं म्हणणं, घटना जुन्यापासून नव्यापर्यंत वाचायची, म्हणजे खालून वर. टेकाळे मॅडम म्हणाल्या, मराठी वरून खाली वाचतात, आणि तसं वाचलं तर टक्करने वेळापत्रकाला बिघडवलं आणि वेळापत्रकाने मुख्यला. क्रीडा संचालकांनी मधल्या ओळीपासून सुरुवात करावी असं सुचवलं, म्हणजे दोघांचंही राहील. बराच वेळ गेला. शेवटी तातेरावांनी विचारलं, "हिवाळे सर, सतराव्या ओळीत 'इथून पुढे पडोळ सर नकोत' असं तुम्हीच लिहिलंय?"

"मीच."

भुजंगरावांना आपण बरोबर निघालो याचा जो आनंद व्हायला हवा होता तो झालाच नाही.

"का लिहिलं?"

"त्याच्या पुढच्या भागात दुपारचे तास वाटतात," हिवाळे म्हणाले. "पडोळ सरांनीच मला सांगितल्तं, दुपारून माझे तास लावू नको, पाणी यायच्या दिवशी घरी लवकर जावं लागतं. मी इसरू नये म्हणून लिहून ठेवलं."

भुजंगरावांना आठवलं. कॅन्टीनमध्ये, बाकड्यावर बसून, गयावया करून सांगितलं होतं. त्यांचे कान तापले. पण आता माघार घ्यायची तर सगळ्यांदेखत, म्हणून ते हट्टाला पेटले. "ओळ सोडा," ते म्हणाले. "फाईलीत बिघाड हायेच. मी सिद्ध करून दाखवतो. हिच्यातला मजकूर जसाच्या तसा मी माझ्या हातानं नव्या फाईलीत उतरवतो. मंग कळंल, मजकुरात दोष हाये की फ्लॉपीत काही लपवलंय."

हिवाळ्यांनी छापलेला कागद पुढे सरकवला. भुजंगरावांनी खुर्ची ओढली, बोटं मोडली आणि टायपायला सुरुवात केली. समिती मागे उभी राहून बघू लागली. सगळं झालं, एकेक अक्षर ताडून झालं, आणि त्यांनी बटन दाबलं.

वेळापत्रक बाहेर आलं. सरळ, एका दमात, प्रिंटरवर करकर करत. पडोळ सरांचे सगळे तास सकाळचे.

"चाललं की!" क्रीडा संचालक म्हणाले.

"म्हणजे मजकूर तोच, आणि पडोळ सरांच्या हातून चालतो, हिवाळे सरांच्या हातून चालत नाही," टेकाळे मॅडम म्हणाल्या. "हे नवलच."

भुजंगरावही चक्रावले होते. त्यांनी हिवाळ्यांची फाईल पुन्हा चालवली: अडली. स्वतःची चालवली: वेळापत्रक. तातेराव आता हिवाळ्यांच्या हातांकडे निरखून बघू लागले होते. हिवाळे पुढे आले आणि दोन्ही फाईलींचे कागद शेजारी शेजारी धरून उभे राहिले. मग त्यांनी एका जागी बोट ठेवलं.

"भुजंगा, वरची ओळ बघ."

भुजंगरावांच्या फाईलीत सगळ्यांत वर, पुढे टीपेची खूण करून, एक ओळ जास्त होती: श्री.

टायपताना ती कधी पडली हे त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. पिंपळगावात त्यांचे वडील दुकानाला सामानाची चिठ्ठी पाठवायचे तीसुद्धा वर श्री काढल्याशिवाय नाही. पहिली ओळ देवाची, आणि माणसांची मोजणी तिच्या खालून सुरू. भुजंगरावांच्या हाताला तेच वळण लागलं होतं. त्यांच्या प्रत्येक फाईलीत पहिली ओळ श्री. आणि लोडर लिहिताना त्यांनी काय केलं होतं? पहिली ओळ काही यंत्राच्या कामाची नसते, ती वाचायला लावून जुन्या कॉम्प्युटरला कशाला त्रास द्या, म्हणून फाईल उघडली की पहिली ओळ सोडून द्यायची आणि एक, दोन, तीन असं तिच्या खालून मोजायचं. परदेशी नियमांत असलं काही नव्हतं. त्यांनी हे ठरवूनही केलं नव्हतं. पहिल्या ओळीत दुसरं काही असू शकतं हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

हिवाळ्यांच्या पहिल्या ओळीत होतं: 'पॅकेज टक्कर.' म्हणजे पॅकेजचं नाव. लोडरने ते देवाची ओळ समजून बाजूला ठेवलं, आणि बाकीचं पॅकेज बिननावाचं आत घेतलं; ट्रेसमध्ये टक्कर दिसलं ते नुसतं फ्लॉपीवरच्या फाईलीचं नाव. मग आतल्या एका ओळीने टक्कर हे नाव उच्चारलं तेव्हा या नावाचं कुणी नाहीच, असं उत्तर मिळालं. ती ओळ सतरावी नव्हतीच, अठरावी होती. मोजणी एकाने चुकल्यामुळे ट्रेसने शेजारच्या निरपराध ओळीवर बोट ठेवलं होतं.

तातेरावांना तांत्रिक भाग समजला नाही, पण निष्कर्ष समजला असं त्यांना वाटलं. ते लिहायला बसले आणि मोठ्याने उच्चारू लागले. "श्री. हिवाळे यांनी आपल्या फाईलीच्या आरंभी श्री लिहिला नाही. त्यामुळे काम अडले. सबब…"

"यापुढे सर्व प्राध्यापकांनी श्री लिहावा," टेकाळे मॅडमनी वाक्य पूर्ण केलं.

"लिहून टाका, काय जातं," क्रीडा संचालक म्हणाले. त्यांना मैदानावर जायचं होतं.

हिवाळे शांतपणे म्हणाले, "मी लिहीत नसतो, सर. आमच्या घरात कोणीच लिहीत न्हाई. नियमात पहिल्या ओळीत पॅकेजचं नाव टाका म्हणलंय, ते मी टाकलं."

"पण बाकी सगळे लिहितात ना, हिवाळे सर," तातेराव समजुतीच्या सुरात म्हणाले. "एवढीशी गोष्ट. किरकोळ चूक म्हणून नोंदवतो. ताकीद देऊन मोकळं करू. पडोळ सरांचंही राहील."

आणि खरंच, पडोळ सरांचं राहत होतं. काही बोलायचीही गरज नव्हती. पडोळी निर्दोष, लोडर निर्दोष, अर्ज योग्य. नुसतं गप्प बसायचं. भुजंगरावांना क्षणभर सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच त्या सुटल्यासारखं वाटण्याची इतकी लाज वाटली की ते खुर्चीवरून उठलेच.

"खोडा ते," ते म्हणाले.

"काय?"

"जे लिहून राह्यले ते खोडा. हिवाळ्यांची फाईल नियमाप्रमाणं बराबर हाये. म्हणून तर ती परदेशी भाषेवर चालली. चूक माझ्या लोडरची. तो पहिली ओळ गिळतो. न विचारता गिळतो. मी लिहिलाय त्यो."

समितीने एकमेकांकडे पाहिलं. भुजंगराव पडोळ स्वतःची चूक कबूल करताहेत, हे कॉलेजच्या इतिहासात घडल्याचं तातेरावांना तरी माहीत नव्हतं. बैठक तिथेच तहकूब झाली.

प्राचार्यांना तर ते मुळीच पटलं नाही. "पडोळ सर आपण होऊन दोष घेऊन राह्यले? मंग याच्यात कायतरी हाये," ते म्हणाले. भुजंगरावांनी अर्ज मागे घेतो म्हटलं. त्याला कारण लेखी लागत होतं. कारण म्हणून त्यांनी 'दोष अर्जदाराचा आहे' असं लिहून दिलं. ते वाचून प्राचार्य म्हणाले, "दोष तुमचा असंल तर तुमची चौकशी लागंल. मोकळं न्हाई सोडता येत." नवी समिती नेमायचं ठरलं, या वेळी प्रा. पडोळ यांच्याविरुद्ध. आधीच्या समितीला काही कळलं नव्हतं हे प्राचार्यांच्याही कानावर गेलं होतं, म्हणून एक तज्ज्ञ सदस्य असावा असा शेरा त्यांनी मारला. साऱ्या कॉलेजात पडोळी उघडून आत बघू शकेल असा तज्ज्ञ पडोळांशिवाय एकच. पण त्या माणसाची ऑर्डर निघालेली नव्हती, आणि ऑर्डर नसलेला माणूस समितीवर बसू शकत नाही. कारकुनाने नियम दाखवला. प्राचार्यांनी कपाळावर आठ्या घातल्या, फाईलीखालून हिवाळ्यांची ऑर्डर ओढली आणि सही केली.

नवी समिती त्याच खोलीत बसली. तातेराव लिहायला, आणि मधल्या खुर्चीवर तज्ज्ञ सदस्य प्रा. वसंता हिवाळे. भुजंगराव समोरच्या स्टुलावर. हिवाळ्यांनी लोडर उघडून बघितला. ओळ सोडून देणारी ती जागा सापडायला त्यांना काहीच वेळ लागला नाही. त्यांनी ती दुरुस्त केली, आपली फाईल चालवली, वेळापत्रक निघालं. मग त्यांनी हात टेबलावर ठेवले.

"पडोळ सर, एकच प्रश्न हाये."

पडोळ सर. भुजंगा नाही. भुजंगरावांनी मान हलवली.

"हा लोडर तुम्ही लिहून राह्यले होते, तव्हा मी कुठं होतो?"

"माझ्या बाजूच्या खुर्चीवर."

"मंग माझी पहिली ओळ काय असती, ते एकदा मान वळवून विचारायला काय झाल्तं?"

दूधवाल्याचं दूध तपासलं होतं, रिक्षावाल्याचा रस्ता तपासला होता, बायकोच्या चहालासुद्धा जाब विचारला होता. भुजंगराव उत्तर शोधू लागले. नळ, लाईट, मेमरी, परदेशी नियम, सगळीकडे शोधलं. एकही सबब टिकत नव्हती.

"सुचलंच न्हाई, वसंता," ते म्हणाले.

तातेरावांनी लेखणी उचलली. "काय लिहू?"

"म्हणले तेच लिहा," हिवाळे म्हणाले.

तातेरावांनी लिहिलं, 'सुचलेच नाही, वसंता', आणि ते अडले. सरकारी कागदावर असं एकेरी नाव बरं दिसेना. "यातलं 'वसंता' काढून टाकतो मी," ते म्हणाले. "नुसतं 'सुचले नाही' पुरेसं आहे."

हिवाळ्यांनी भुजंगरावांकडे बघितलं.

"न्हाई," ते म्हणाले. "ते ऱ्हाऊ द्या."